उतराई कुणाची?

अलीकडे कृतज्ञतेला फार चांगले दिवस आले आहेत. सकाळी मोबाइल उघडावा, तर उगवत्या सूर्याच्या चित्रावर लिहिलेले असते की रात्री झोपण्यापूर्वी तीन गोष्टींबद्दल आभार माना. मन शांत होईल, झोप लागेल, रक्तदाब उतरेल, पैसाही आपोआप तुमच्याकडे ओढला जाईल. हे संदेश आता दिंड्यांच्या समूहांवरही फिरतात. कीर्तनाच्या निरूपणातही ही भाषा शिरू लागली आहे. ‘रोज देवाचे आभार माना आणि मग बघा आयुष्य कसे पालटते’ असे सांगणाऱ्यांच्या चित्रफिती गावोगाव पाहिल्या जातात. या प्रकाराबद्दल मला थोडे कडू बोलायचे आहे. वाचणारी मंडळी आपलीच आहेत, माळकरी आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता बोलतो. माउलींनी राग धरू नये.

आभार मानल्याने बरे वाटते, हे खोटे नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टींची नोंद ठेवायला सांगितली, काहींना त्रासाची. चांगल्याची नोंद ठेवणारे आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आणि पुढच्या दिवसांबद्दल अधिक आशावादी निघाले. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. रोज अशी नोंद ठेवणाऱ्यांनी, आपण दुसऱ्याच्या अडचणीत धावून गेलो, कुणाला धीर दिला, असेही अधिक प्रमाणात सांगितले. संदेश फिरवणारे नेमका हा भाग गाळतात. स्वतःची झोप तेवढी ठेवतात आणि शेजारी वगळतात. उरते ते काय? माझ्या मनाला बरे वाटावे म्हणून मी देवाला म्हटलेले दोन गोड शब्द. याला कृतज्ञता म्हणायचे की सौदा, हे वाचकांनीच ठरवावे. ‘मी आभार मानतो, तू आणखी दे’ हा व्यवहार नवसाहून फार वेगळा नाही, आणि नवससायासाबद्दल संतांनी काय म्हणून ठेवले आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

आपल्या खेड्यांत ‘धन्यवाद’ हा शब्द घरात कुणी वापरत नसे. जेवून उठताना कुणी आईला धन्यवाद म्हटले असते, तर पोराला ताप तर नाही ना म्हणून तिने कपाळाला हात लावून पाहिला असता. शब्द नव्हता म्हणून भावना नव्हती असे मात्र नाही. शेजाऱ्याने नांगरटीला बैल दिला, तर आपण त्याच्या मळणीला जायचे. याला सावड म्हणत. कुणाच्या घरून वाटीभर साखर आली, तर ती वाटी रिकामी परत जात नसे. चार दाणे, लिंबाच्या लोणच्याची फोड, काहीच नसले तर परसातली चार मिरच्या-कोथिंबीर तरी तिच्यात पडे. कुणी शिकवले नव्हते, पण रिकामी वाटी परत करायला हात धजत नसे. संतांच्या तोंडी यासाठी ‘उतराई’ हा शब्द आहे. ऋण डोक्यावर असते आणि ते उतरवायचे असते. नुसते ‘आभारी आहे’ म्हटल्याने भार उतरत नाही, उलट आभार या शब्दातच भार बसलेला आहे.

कृतज्ञ हा शब्दही नीट पाहावा. केलेले जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे आधी जाणणे आले: कुणी केले, काय केले, करताना त्याला काय सोसावे लागले. जो हे जाणतच नाही, त्याचे आभार कुणाला पोचणार? ‘विश्वाचे आभार’ हा म्हणूनच मला फार सोयीचा शब्दप्रयोग वाटतो. विश्व मजुरी मागत नाही.

आपल्या परंपरेत असे मोघम चालत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला पूर्ण झाली. नऊ हजार ओव्यांचा तो ग्रंथ, श्रीगुरू निवृत्तिनाथांच्या कृपेचे ऋण पानोपानी सांगणारा, शेवटी विश्वात्मक देवाकडे सर्वांसाठी मागणे मागणारा. आणि त्याच्या अगदी अखेरीस कशाची नोंद आहे? तो कुणी लिहून घेतला याची. सच्चिदानंदबाबांचे नाव तिथे आदराने घेतलेले आहे. एवढे ब्रह्मांड सांगून झाल्यावर बोरू धरणारा हात विसरला गेला नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत तर याहून कठोर बोलतात. मिळाले ते घेऊन, ज्यांच्यामुळे मिळाले त्यांना काहीच परत न देता जो उपभोग घेतो, त्याला त्यांनी चोर म्हटले आहे. कृतघ्न किंवा विसराळू असा सौम्य शब्द तिथे वापरलेला नाही.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, सगळे देणारा पांडुरंगच. त्याचे आभार मानले की सगळ्यांचे मानले गेले.’ हा युक्तिवाद मी अनेक पंगतींत ऐकला आहे, बहुधा वाढप्याकडे न पाहता. म्हणणाऱ्यांनी कृपा करून विटेकडे पाहावे. ती वीट तिथे का आहे? पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, आणि साक्षात देव दारात आला तरी त्याने ती मधेच सोडली नाही. देवासाठी वीट सरकवली आणि थांबायला सांगितले. एके काळी याच पुंडलिकाने आईवडिलांची हेळसांड केली होती असे कथा सांगते. म्हणजे तो करत होता ती उतराईच होती. आणि ती पुरी होईपर्यंत देव उभा राहिला. त्याला राग आला नाही. तो अजून उभा आहे आणि आपण त्या उभे राहण्याचेच दर्शन घेतो. आईबापाचे, माणसाचे ऋण देवाचे नाव घेऊन परस्पर मिटत असते, तर पुंडलिकाने उठून पाय धरले असते, आणि पंढरपूर झालेच नसते.

आपला देव स्वतःदेखील या बाबतीत काटेकोर आहे. जनाबाईबरोबर तो जात्यावर बसला. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरले. या कथा आपण कौतुकाने सांगतो, डोळे पुसतो. पण त्यांतून निघते काय ते पाहत नाही. दासीने आयुष्यभर दळले, तर तिच्यासमोर बसून दळावे लागते. नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिती केली, तेव्हा सोबतच्या यात्रेकरूंना वाईट वाटले होते, की आता रामेश्वराला काय वाहणार. त्या यात्रेकरूंचे वंशज आपल्यात बरेच आहेत.

कृतज्ञतेचा आणखी एक दुरुपयोग आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त बोचतो. कृतज्ञ राहा, आहे त्यात समाधान मान, हा उपदेश नेहमी वरून खाली का वाहतो? मालक गड्याला सांगतो, सासू सुनेला सांगते, संस्थेचे चालक कमी पगारावरच्या शिक्षकाला सांगतात. गड्याने मालकाला सांगितल्याचे ऐकिवात नाही. रोजंदारीवरची बाई दहा रुपये वाढवून मागू लागली की लगेच तुकोबांचा समाधानाचा तो प्रसिद्ध अभंग तिच्या तोंडावर फेकला जातो. फेकणाऱ्याला तुकोबांचे चरित्र ठाऊक नसते असे नाही. दुष्काळाने देश होरपळला, तुकोबांच्या घरचीही माणसे गेली. घराण्यात सावकारी होती, लोकांकडून येणे असलेली खतपत्रे घरात होती. तुकोबांनी काय केले? धाकट्या भावाने वाटा मागितला तेव्हा अर्धी कागदपत्रे त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. समाधानावर बोलण्याचा अधिकार त्यांनी असा मिळवला. आपले खतपत्र पेटीत जपून ठेवायचे आणि देणेकऱ्याला समाधानाचा अभंग ऐकवायचा, हे तुकोबांच्या नावावर खपवू नये. ज्याला त्याच्या कष्टाचे पुरते मिळाले नाही, त्याच्याकडून कृतज्ञता मागणे ही उलटी वसुली आहे.

त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याचे दुःख मोजून मानलेले आभार. बस दरीत कोसळते, काही जातात, काही वाचतात. वाचलेला म्हणतो, ‘पांडुरंगाची कृपा, मी वारकरी म्हणून वाचलो.’ त्याची हादरलेली मनःस्थिती मी समजू शकतो. पण चार महिन्यांनी सत्कारात, हार गळ्यात घालून हेच वाक्य बोलणाऱ्याने क्षणभर विचार करावा, की समोर गेलेल्या माणसाची विधवा बसली असेल. तिच्या नवऱ्यावर देव रुसला होता काय? आभाराचे शब्द बोलण्यापूर्वी ते कुणाच्या कानावर पडणार आहेत एवढे पाहावे.

आता वारीकडे येतो, कारण आपली खरी परीक्षा तिथेच आहे.

वारीच्या सोहळ्याने कष्टकऱ्याला आणि मुक्या जनावरालाही मान दिलेला आहे, आणि याचा मला अभिमान आहे. माउलींच्या सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व असतात. रथाला बैलजोडी देण्याचा मान मिळावा म्हणून घराणी वाट पाहतात. दिवे घाटाच्या चढाला जादा बैलजोड्या लावतात तेव्हा त्या बैलांकडे लोक हात जोडून पाहतात. तुकोबांच्या पालखीपुढे काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो. वर्षभर गावाचे कपडे धुणाऱ्या हातांनी संतांच्या पावलांखाली स्वच्छ वस्त्र अंथरावे, याहून सुंदर मान कोणता? तिथेच मेंढ्यांचे रिंगण होते, आणि धनगराची मेंढरे रथाभोवती धावतात. घोड्याला मान, बैलाला मान, मेंढराला मान आहे. झाडूला मात्र नाही.

तळावरून दिंड्या हलल्या की मागे काय राहते ते किती जणांनी पाहिले आहे? आपण पहाटे उठतो, टाळ गळ्यात घालतो, पुढच्या गावाच्या ओढीने निघतो. मागे शाळेच्या मैदानात पत्रावळ्या, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, फाटके प्लॅस्टिक. ओढ्याकाठी तर जाऊच नका. ज्या गावाने रात्री आपल्याला पिठलं-भाकरी घातली, आपले पाय चेपले, त्या गावाच्या उशाशी आपण हे ठेवून जातो. गाव काही बोलत नाही, कारण गावाचीही श्रद्धा आहे. गावातल्या बाया दुसऱ्या दिवशी नाकाला पदर लावून झाडतात. वाटी रिकामीसुद्धा नाही, खरकटी परत केली आपण.

पंढरपुराचे तर सांगूच नये. वारीच्या वेळी गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणूस तिथे उतरतो. वर्षानुवर्षे यात्रा पांगली की वाळवंट आणि गल्ल्याबोळ साफ करायला माणसे उतरत, आणि ती हातांनी साफ करत. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. हाताने मैला साफ करायला लावणे हा गुन्हा ठरवणारा कायदा संसदेने आधी १९९३ साली आणि पुन्हा अधिक कडक करून २०१३ साली केला. आता पुष्कळ सुधारणा झाली आहे. पैलतीरावर ६५ एकरांत सोय आहे, वाटेवर फिरती शौचालये असतात. पण फिरते शौचालय आपोआप स्वच्छ होत नाही. त्याची टाकी उपसणारा एक माणूस असतो, आणि तो बहुधा त्याच जातींतला असतो ज्या जातींना विठ्ठलाच्या देवळाबाहेर शतकानुशतके उभे केले होते. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना भिंतीखाली गाडले गेले. ते काम ते हौसेने करत नव्हते, वेठीने करत होते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. आणि तरीही साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे हरिजनांना मंदिर खुले झाले. चोखोबांच्या समाधीवर फूल वाहून आपण आत जातो, दर्शन घेतो, बाहेर येतो. आणि चोखोबांचा नातू, पणतू गल्लीत फावडे घेऊन उभा असतो. त्याच्या जवळून जाताना आपण पंचा नाकाला लावतो.

इथे मला प्रक्षाळपूजेची आठवण होते. वारीत देवाला विश्रांती नसते. पलंग काढून ठेवतात, चोवीस तास दर्शन चालते, देव निजत नाही. यात्रा सरली की देवाचा शीण जावा म्हणून प्रक्षाळपूजा होते, ऊन पाण्याने स्नान घालतात, काढ्याचा नैवेद्य दाखवतात, पलंग पुन्हा मांडतात. किती हळवी रीत आहे ही! देव दमला असेल हे जिथल्या लोकांना सुचले, त्यांच्या प्रेमाला तोड नाही. त्याच लोकांना रात्रभर टाकी उपसून पहाटे नळावर हात धुणारा माणूस दमला असेल, त्यालाही कढत चहाचा पेला लागत असेल, हे का सुचू नये?

‘त्याला पगार मिळतो की,’ हे उत्तर तयार असते. आधी तो मिळतो का, किती मिळतो, कंत्राटदार मधे किती कापतो, हातमोजे आणि बूट देतो का, हे कधी विचारले आहे काय? आणि पगार तर आपल्यापैकी अनेकांनाही मिळत होता. म्हणून निवृत्तीच्या दिवशी आपण शाल-श्रीफळ नाकारले नाही. दुसरे उत्तर याहून हुशार असते: ‘ती त्याची सेवा आहे, त्याला पुण्य लागते.’ फार छान. मग ते पुण्य एक दिवस आपण घेऊन पाहावे.

गाडगेबाबांनी घेतले. शेंडगावच्या डेबूजीच्या हातात वीणा नव्हती, खराटा होता. गावात गेले की आधी झाडायला लागत, गाव झाडून झाले की मग संध्याकाळी कीर्तन. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली, ज्यांना कुणी ओसरीवर उभे करत नव्हते त्यांच्यासाठी. आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. स्वतः मात्र देवळात जायला ते फारसे उत्सुक नसत. आपण गाडगेबाबांच्या तसबिरीला हार घालतो. खराट्याला हात लावत नाही. हार स्वस्त पडतो.

वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. वय, जात, शिक्षण काही आड येत नाही; आजोबा नातवाच्या वयाच्या पोराच्या पाया पडतात आणि पोरगा त्यांच्या. जगात कुठे अशी रीत असेल असे मला वाटत नाही. पण ती रीत टाळकऱ्याशी थांबते. दिंडीच्या ट्रकचा चालक, टँकरवाला, चुलीच्या धुरात सकाळ-संध्याकाळ आमटी ढवळणारा आचारी, भाकऱ्या थापणाऱ्या बाया, तंबू आधी जाऊन ठोकणारी आणि नंतर उपटणारी पोरे, यांच्या पायांशी आपण कधी वाकतो? त्यांना ‘माउली’ म्हणतो, हे खरे. ‘माउली, जरा आमटी वाढा.’ ‘माउली, इकडं पाणी.’ मला कधी कधी या शब्दाचीच भीती वाटते. सगळ्यांना माउली म्हटले की कुणाचेच नाव विचारावे लागत नाही. वीस दिवस ज्याच्या हातचे जेवलो त्या आचाऱ्याचे गाव कोणते, त्याच्या घरी कोण आहे, पेरणी सोडून तो इथे का आला, हे दिंडीतल्या शंभरातल्या दहांना तरी सांगता येईल काय? केलेले जाणणे ते हे.

पेरणीवरून घराची गोष्ट निघते. आषाढी वारी येते ती मृगाच्या मागोमाग. कुणी पेरून निघतो, कुणी पाऊस लांबला म्हणून पेरणी मागे टाकून निघतो. मागे शेत कोण पाहते? धाकटा भाऊ, म्हातारी आई, आणि नव्वद टक्के घरांत, हा माझा अंदाज समजा, बायको. दुबार पेरणीची वेळ आली तर बी-बियाण्याची उसनवार तीच करते, गाय व्याली तर रात्रभर गोठ्यात तीच बसते. घरचा वारकरी परत येतो तेव्हा त्याचे पाय धुतले जातात, ओवाळतात, तो बुक्का लावतो, चुरमुऱ्या-बत्ताशांचा प्रसाद वाटतो, आणि गाव त्याच्या पाया पडते. चालून चालून भेगाळलेले पाय आहेत, धुवावेत. पण चिखलात महिनाभर उभे राहून कुजलेले दुसरे पाय त्याच उंबऱ्याच्या आत उभे असतात. त्यांच्यावर पाणी कोण घालणार? मी एका घरी पाहिले आहे, नाव-गाव सांगत नाही. सत्तरीचे वारकरी, घरात आले, आपले पाय धुवून घेतले आणि मग घंगाळ पुढे ओढून कारभारणीला म्हणाले, ‘ये, बस हितं. मी पांडुरंगाला बघून आलो, आता तुझे पाय दे.’ म्हातारी इतकी लाजली की पदर तोंडात धरून आत पळाली. तिला दोन सुनांनी ओढून आणले. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. एवढे मात्र दिसले, की पुढच्या वर्षी आधी ती वारीला गेली आणि म्हातारबुवांनी घर राखले.

आणखी एक विचारतो. पालखीबरोबर जाताना लाखो माणसे असतात. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, आणि पालखी परत फिरते. तेव्हा बरोबर किती असतात? मूठभर. बाकीच्यांनी एकादशीचे दर्शन, कळसाचे तर कळसाचे, पदरात पाडून एसटी पकडलेली असते. नोकरी आहे, शेती आहे, मान्य. सगळ्यांना पायी परतणे शक्य नाही. पण जाताना ज्या माउलींना खांद्यावर मिरवत नेले, त्यांना घरी पोचवायला माणूस का उरत नाही, हा प्रश्न मनाला टोचला तर पाहिजे. परतीच्या वाटेवर तीच गावे लागतात. त्याच बाया त्याच अंगणात पाणी घेऊन उभ्या असतात, गर्दी नसते, घाई नसते, दोन शब्द बोलता येतात. ‘बाई, त्या दिवशी तुमच्या ओसरीवर निजलो होतो, पाऊस होता,’ एवढे सांगायला तरी कुणी त्या वाटेने जावे. निदान एक मुक्काम.

कुणाला वाटेल, हा माणूस भक्तीचा हिशेब करायला निघाला. हिशेबाची मला लाज वाटत नाही. भिशीचा हिशेब दिंडीत पै-पैने होतोच. कुणी दोनशे रुपये कमी दिले तर नाव पुकारले जाते. मग त्याच वहीत एक पान आचाऱ्याच्या, चालकाच्या, भाकरीवाल्या बायांच्या मजुरीचे असावे आणि ते हरिपाठानंतर सगळ्यांसमोर वाचले जावे, यात भक्ती कुठे बाटते? संध्याकाळच्या समाजआरतीला चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. मग हरवले-सापडलेले सांगतात, कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाची म्हातारी. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत ठेवते, आणि तिचे ऐकून घेतले जाते. एका हरवलेल्या चष्म्यासाठी एवढा समाज थांबतो, अशी शिस्त आणि अशी माया आपल्याकडे आहे. हीच शिस्त आपापल्या दिंडीपुरती वापरली, तळ सोडण्यापूर्वी अर्धा तास टाळ खाली ठेवले आणि प्रत्येकाने आपल्या बसल्या जागेभोवतीचे उचलले, तर मागच्या गावाला आभाराचे भाषण करायची गरज पडणार नाही. काही दिंड्या हे करतातही. गाजावाजा न करता करतात, म्हणून त्यांची नावे मी इथे देत नाही. दिली तर त्यांनाच आवडणार नाही.

वहीत रोज तीन गोष्टी लिहिण्याला माझा विरोध नाही. जरूर लिहाव्यात. फक्त ‘सूर्य, हवा, पाणी’ असे लिहू नये. माणसांची नावे लिहावीत, आणि नावापुढे एक रकाना मोकळा सोडावा: याचे मी काय परत केले? आठ दिवस तो रकाना कोरा राहिला तर झोप चांगली लागते की उडते, तेही लिहावे. उडाली तर वही उपयोगी पडली म्हणायची.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघेल. त्याआधी गावोगाव दिंडीच्या बैठका होतील, भिशी ठरेल, ट्रक ठरेल, तंबू बांधून ठेवले जातील. त्या बैठकीत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: आचाऱ्याची मजुरी किती ठरली, आणि पहिल्या तळावरून दिंडी हलल्यावर खराटा घेऊन मागे कोण थांबणार.